छळाच्या दिवसांत विश्वासू आणि आनंदी कसे राहावे?

वाचन: मत्तय ५:१०-१२, योहान २०:१९-२९, १ पेत्र ४:१२-१९, फिलिप्पै १:१२-३०



चेन्नईच्या दक्षिणेस, विमानतळाजवळ एक लहानशी टेकडी आहे. तमिळ लोक तिला परंगीमलै म्हणतात आणि बाकीचे जग सेंट थॉमस माउंट. शंभराहून अधिक पायऱ्या चढून वर गेले की जुने चर्च लागते. तेथे दगडात कोरलेला एक क्रूस आहे आणि त्याच्या कडेने पहलवी, म्हणजे जुन्या इराणी लिपीत अक्षरे आहेत. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी शतके आधी या किनाऱ्यावर प्रभूचे नाव घेणारे लोक राहत होते, याची साक्ष तो दगड देतो. परंपरा सांगते की इ. स. ७२ च्या सुमारास प्रेषित थोमा याच टेकडीवर भाल्याने मारला गेला आणि त्याला मैलापुरात पुरले.

या थोमाचा विचार करा. लाजर मेला तेव्हा प्रभू यहूदीयात परत जायला निघाला. तेथे जिवाला धोका होता. तेव्हा थोमाच इतर शिष्यांना म्हणाला की चला, आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ (योहान ११:१६). शब्द फार शूर होते. पण गेथशेमाने बागेत शिपाई आले तेव्हा इतरांबरोबर तोही पळाला. प्रभू उठला ही बातमी मिळाली तेव्हा त्याने विश्वास ठेवला नाही. आणि ज्याने या तिन्ही गोष्टी केल्या, त्याच मनुष्याविषयी मंडळी आजवर सांगत आली आहे की तो शेवटपर्यंत टिकला.

मग हा बदल कशाने झाला? थोमाचा स्वभाव मुळात धाडसी होता म्हणून तो टिकला, असे आपल्याला म्हणता येत नाही. या पाठात आपण हेच पाहणार आहोत की छळात टिकून राहण्याचे बळ आणि त्यात आनंद करण्याची कृपा विश्वासणाऱ्याला कोठून मिळते.

१. प्रत्येक दुःख हा ख्रिस्तासाठी झालेला छळ नसतो

पेत्र आपल्या पत्रात आधी एक फरक स्पष्ट करतो. खुनी, चोर, दुष्कर्मी किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून कोणाला दुःख सोसावे लागू नये, असे तो म्हणतो (१ पेत्र ४:१५). आपण पहिले तीन शब्द वाचून निर्धास्त होतो, पण चौथ्या शब्दाने थांबले पाहिजे.

शेजाऱ्याला रात्री अकरा वाजता लाउडस्पीकरचा त्रास दिला आणि त्याने तक्रार केली, तर तो छळ नव्हे. कामावर उशिरा जातो, हिशेब नीट ठेवत नाही आणि साहेब बोलले की "मी विश्वासणारा आहे म्हणून मला त्रास देतात" असे म्हणतो, तर तोही छळ नव्हे. दुसऱ्यांच्या देवांची टिंगल केली आणि लोक चिडले, तर त्याचा दोष सुवार्तेवर टाकू नये. इफिसात केवढा मोठा दंगा झाला! तरी नगराच्या लेखकाला सगळ्यांसमोर सांगावे लागले की या माणसांनी आपल्या देवीची निंदा केलेली नाही (प्रेषितांची कृत्ये १९:३७). विरोध करणाऱ्यांच्या गावातच पौलाच्या सोबत्यांना हे प्रमाणपत्र मिळाले. आपल्याला ते मिळेल का?

म्हणून त्रास होऊ लागला की प्रथम प्रभूसमोर बसून विचारावे: हे माझ्या चुकीमुळे आहे की त्याच्या नावामुळे? चूक असेल तर क्षमा मागावी आणि नुकसान भरून द्यावे. चूक नसेल तर मन मोकळे होते, आणि मोकळ्या मनाचा माणूसच आनंद करू शकतो.

२. आश्चर्य मानू नका, किंमत आधीच मोजा

छळाची अग्निपरीक्षा ही काही विलक्षण गोष्ट आहे असे समजून नवल करू नका, असे पेत्र सांगतो (१ पेत्र ४:१२). पौलही तीमथ्याला लिहितो की ख्रिस्त येशूमध्ये सुभक्तीने जगू पाहणाऱ्या सर्वांचा छळ होईल (२ तीमथ्य ३:१२). प्रभूने आपल्यापासून हे कधी लपवले नाही. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे त्याने शिकवले (लूक १४:२८). व्यापार शिकणाऱ्या प्रत्येकाला हे पटते: ज्या खर्चाची तरतूद आधी केलेली असते तो खर्च आला म्हणून दुकान बुडत नाही.

बख्त सिंग यांचे उदाहरण पाहा. पंजाबातील शीख घराण्यात १९०३ साली त्यांचा जन्म झाला. तरुणपणी हाती आलेले बायबल त्यांनी फाडून टाकले होते. पुढे ते इंजिनिअरिंग शिकायला परदेशी गेले आणि १९२९ साली कॅनडातील विनिपेग शहरात त्यांनी प्रभूवर विश्वास ठेवला. १९३३ साली ते बोटीने मुंबईला परत आले. आईवडील त्यांना भेटायला मुंबईला आले होते. घराण्याच्या अब्रूसाठी हा विश्वास गुप्त ठेव, एवढीच त्यांची विनंती होती. बख्त सिंग यांनी नम्रपणे नकार दिला, आणि आईवडील त्यांना तेथेच सोडून परत गेले.

जरा त्या ठिकाणी स्वतःला उभे करून पाहा. सात वर्षे परदेशात राहून आलेला मुलगा, ओळखीचे कोणी नसलेले शहर आणि पाठमोरे चाललेले आईबाप. त्यांनी मारहाण केली नव्हती, शिवीही दिली नव्हती. त्यांनी फक्त गप्प राहायला सांगितले होते. आपल्यापैकी बहुतेकांवर येणारी परीक्षा अशीच असते: "तुझा देव तुझ्या मनात ठेव, चारचौघांत बोलू नकोस." बख्त सिंग मुंबईच्या रस्त्यांवर सुवार्ता सांगू लागले. १९४१ साली याच मद्रास शहराजवळ, पल्लावरमच्या टेकडीवर ते काही विश्वासणाऱ्यांबरोबर रात्रभर प्रार्थनेत राहिले आणि त्याच वर्षी मद्रासमध्ये 'यहोवा शम्मा' ही मंडळी सुरू झाली. ती टेकडी परंगीमलैपासून फार दूर नाही. घर गमावलेल्या माणसाला देवाने देशभर घरे दिली (मार्क १०:२९-३०).

३. घरातला छळ सर्वांत कठीण असतो

या ठिकाणी आपण थोडे अधिक थांबू, कारण महाराष्ट्रातील कितीतरी बंधूभगिनींचे दुःख येथेच आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना आपण सर्व ओळखतो. राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला, आणि तो वाचता वाचता ते प्रभूकडे ओढले गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. साक्ष देताना आपण येथेच थांबतो आणि टाळ्या वाजवतो. पण त्या दिवशी दुसऱ्या गावी एक स्त्री होती, जिला नवरा जिवंत असताना तो मेल्यासारखा झाला होता. लक्ष्मीबाईंनी पुढे 'स्मृतिचित्रे'मध्ये ते दिवस काहीही न लपवता लिहिले. पंढरपूरला नातेवाइकांकडे त्यांनी दिवस काढले. लोकांच्या नजरा, कुजबुज आणि रडणे यांत त्या होरपळून गेल्या.

या गोष्टीतून दोन धडे घेऊ या.

पहिला: आपल्या विश्वासाची किंमत पुष्कळदा आपल्यापेक्षा आपल्या माणसांना जास्त मोजावी लागते. आपल्याला प्रभू मिळाला आहे, पण त्यांच्या वाट्याला फक्त लोकांचे टोमणे आले आहेत. मुलीचे लग्न जमत नाही, भावकी बोलवत नाही, आई हळदीकुंकवाला एकटी पडते. म्हणून रागाने बोलणाऱ्या आईला लगेच 'छळ करणारी' म्हणू नका. ती दुखावलेली आहे. तिच्या पायाशी बसा, तिचे ऐका, तिची औषधे वेळेवर आणा. विश्वास सोडू नका आणि मुलाचे कर्तव्यही सोडू नका.

दुसरा: वाट पाहायला शिका. टिळकांचा स्वभाव किती उतावळा होता ते लक्ष्मीबाईंनीच हसत हसत सांगितले आहे. तरी पत्नीचा विश्वास त्यांना जबरदस्तीने घडवता आला नाही. ती पुन्हा त्यांच्याबरोबर राहायला आली तेव्हाही तिने आपले सोवळेओवळे सांभाळले. पुढे तिने स्वतः विचार करून जातीपातीचा भेद सोडला, आणि १९०० साली तिचा बाप्तिस्मा झाला. मध्ये पाच वर्षे गेली! नंतर हीच स्त्री प्रभूच्या कामात पतीच्या बरोबरीने उभी राहिली. १९१९ साली टिळक गेले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. आज जो तुमचा विरोध करतो तोच उद्या तुमचे अपुरे काम पुढे नेईल, हे देवाला अशक्य आहे काय?

४. आनंद म्हणजे दुःख झाले नाही असे दाखवणे नव्हे

काही सभांमध्ये आपण असे बोलतो की जणू खऱ्या विश्वासणाऱ्याने रडूच नये. देवाचे वचन असे म्हणत नाही. प्रभू लाजराच्या कबरेजवळ रडला. स्तोत्रकर्ता देवाला विचारतो की तू किती काळ मला विसरणार (स्तोत्र १३). स्तेफनाला पुरताना भक्तिमान लोकांनी फार शोक केला (प्रेषितांची कृत्ये ८:२). तुमची नोकरी गेली, तुमच्या प्रार्थनेच्या खोलीला कुलूप लागले, तर रडा. देवाच्या समोर रडणे हा अविश्वास नाही.

मग आनंद कोणता? प्रेषितांना फटके मारून सोडले तेव्हा ते आनंद करीत निघाले, कारण त्या नावासाठी अपमान सोसण्यास आपण योग्य ठरलो असे त्यांना वाटले (प्रेषितांची कृत्ये ५:४१). त्यांना फटके आवडले असे लूक म्हणत नाही. पाठ दुखतच होती. पण "आपण त्याचे आहोत आणि लोकांनीही ते ओळखले" ही गोष्ट पाठीच्या दुखण्यापेक्षा मोठी होती. लेख मराठीत करताना मी पुष्कळदा 'आनंद' आणि 'सुख' या शब्दांपाशी अडतो. सुख परिस्थितीबरोबर येते आणि तिच्याबरोबर जाते. पौलाने फिलिप्पैकरांना पत्र लिहिले तेव्हा तो बंधनात होता, सुख त्याच्याजवळ नव्हते. तरी त्याचे सगळे पत्र आनंदाने भरलेले आहे, कारण त्याला दिसत होते की त्याच्या बेड्यांमुळे सुवार्ता राजवाड्याच्या पहारेकऱ्यांपर्यंत पोहोचली (फिलिप्पै १:१२-१३). शिवाय समाधानी राहण्यास मी शिकलो आहे, असे तो म्हणतो (४:११). म्हणजे हे त्याला जन्मतः येत नव्हते. तो शिकला, म्हणून आपणही शिकू शकतो.

आता थोमाकडे परत या. इतर शिष्यांना उठलेला प्रभू भेटला आणि ते हर्षित झाले. थोमाला तो आनंद आठ दिवस उशिरा मिळाला. का? वचन साधे कारण देते: येशू आला तेव्हा तो त्यांच्याबरोबर नव्हता (योहान २०:२४). दुःखी माणूस एकटा राहू पाहतो. छळ सुरू झाला की सैतान पहिली गोष्ट ही करतो की आपल्याला संगतीपासून तोडतो. "रविवारी नको जायला, लोक बघतात." मग पुढचा रविवारही जातो. पण आठ दिवसांनी थोमा पुन्हा त्याच खोलीत, त्याच भावांमध्ये बसला होता. त्याच्या शंका अजून गेल्या नव्हत्या, तरी तो आला. आणि प्रभू त्याच्याचसाठी तेथे आला व आपले घाव त्याला दाखवले. घाव झालेला प्रभू घाव झालेल्या माणसाला समजतो. आपल्या आनंदाचे मूळ येथे आहे.

५. विश्वासूपण लहान गोष्टींत तयार होते

मी माझी एक चूक सांगतो. कॉलेजात पहिल्या वर्षी दुपारी डबा उघडण्यापूर्वी मी प्रार्थना करीत असे. दोनतीन मुले हसू लागली. मग मी डोळे मिटणे बंद केले आणि स्वतःला सांगितले की देव मनातलेही ऐकतो. ते खरेच आहे, पण मी ते खरे म्हणून सांगत नव्हतो, भीती झाकण्यासाठी सांगत होतो. कोणी मला मारले नव्हते. फक्त हसले होते! त्या दिवसांत ओडिशातील आणि इतर ठिकाणच्या विश्वासणाऱ्यांसाठी मी मोठमोठ्या प्रार्थना करीत असे. नंतर प्रभूने मला दाखवले की डब्यासमोर जो वाकत नाही तो अग्नीसमोर उभा राहणार नाही.

दानीएलाने हुकूम निघाल्यावर नवीन काही केले नाही. पूर्वी जशी करीत असे तशीच त्याने प्रार्थना केली (दानीएल ६:१०). छळाच्या दिवसाची तयारी आजच्या साध्या दिवशी होते.

परंतु एक सूचना: जो भाऊ किंवा बहीण अजून उघडपणे बोलू शकत नाही, तिला कमी लेखू नका. निकदेम प्रथम रात्री आला, पण प्रभूने त्याला परत पाठवले नाही. आणि वधस्तंभाच्या दिवशी, जेव्हा उघड शिष्य लपले होते, तेव्हा तोच सुगंधद्रव्ये घेऊन आला (योहान १९:३९). प्रत्येकाला प्रभू वेगळ्या गतीने वाढवतो.

६. विरोध करणाऱ्यावर प्रेम करा, आणि कायद्याचा आधारही घ्या

२३ जानेवारी १९९९ च्या पहाटे ओडिशातील मनोहरपूर गावात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले फिलिप व टिमोथी यांना गाडीत झोपलेले असताना जाळून मारण्यात आले. ते बारीपदा येथे कुष्ठरोग्यांची सेवा करीत होते. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी जाहीरपणे सांगितले की मी क्षमा केली आहे, आणि त्या तेथेच राहून रोग्यांची सेवा करीत राहिल्या. २००५ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. न्यायालयात खटला चालला आणि मुख्य आरोपीला शिक्षाही झाली. क्षमेने खटला थांबला नाही आणि खटल्याने क्षमा खोटी ठरली नाही. या दोन गोष्टी एकत्र राहू शकतात, हे आपण समजून घेतले पाहिजे.

पौलाकडे पाहा. फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री तो गाणी गातो (प्रेषितांची कृत्ये १६:२५) आणि सकाळी अधिकाऱ्यांना ठामपणे सांगतो की आम्ही रोमी नागरिक आहोत, चौकशीवाचून आम्हांला मारले, आता स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्या (१६:३७). त्याच्या मुखात गाणेही होते आणि कायदाही. आपणही या देशाचे नागरिक आहोत. संविधानाचे कलम २५ सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या मर्यादेत प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते. कोणाला गावाने वाळीत टाकले, विहिरीवर किंवा किराणा दुकानात येऊ दिले नाही, तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे. शांतपणे तक्रार करा, तारीख व वेळ लिहून ठेवा, वकिलाचा सल्ला घ्या. जिवाला धोका असेल तर दुसऱ्या गावी जा, कारण प्रभूने तशी मोकळीक दिली आहे (मत्तय १०:२३). पण हात उगारू नका, मोबाईलवर खोटे किंवा भडक मजकूर पाठवू नका, आणि एका माणसाच्या अपराधासाठी सगळ्या समाजाला शिव्या देऊ नका.

७. मंडळीने काय करावे?

एका अवयवाला दुःख झाले तर सर्व अवयवांना दुःख होते (१ करिंथ १२:२६). "भाऊ, प्रार्थना करतो" एवढे म्हणून फोन ठेवणे पुरेसे नाही. ज्याची नोकरी गेली त्याच्या घरी महिन्याचा किराणा पोहोचवा. ज्याला घरातून काढले त्याला आपल्या घरात एक गादी द्या. नव्या विश्वासणाऱ्याला बाप्तिस्म्याची घाई करण्याआधी त्याची संगत धरा, म्हणजे वादळ येईल त्या दिवशी तो एकटा नसेल.

१८९३ साली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावर टीका झाली आणि पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. रमाबाईंनी दार बंद केले नाही. पुढे दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुलींना केडगावला आसरा मिळाला. रिकामी झालेली जागा देव कशासाठी ठेवत आहे, हे त्या वेळी कोणाला दिसत नाही.

स्वतःला तपासून पाहा

१. मला सध्या होणारा त्रास माझ्या चुकीमुळे आहे की प्रभूच्या नावामुळे?
२. माझ्या विश्वासाची किंमत माझ्या घरात कोण मोजत आहे? या आठवड्यात मी त्या व्यक्तीसाठी कोणते एक काम करीन?
३. कोणत्या लहान ठिकाणी मी प्रभूला लपवत आहे?
४. भीतीमुळे मी संगती सोडली आहे का? पुढच्या रविवारी मी कोणाबरोबर परत जाईन?
५. विरोध करणाऱ्या कोणत्या एका माणसाचे नाव घेऊन मी रोज आशीर्वाद मागीन (रोम. १२:१४)?

प्रार्थना

प्रभू येशू, तू आमच्याआधी या वाटेने गेलास. आम्ही थोमासारखे आहोत, बोलताना शूर आणि वेळ आली की पळणारे. आम्हांला तुझे घाव दाखव. जे बंधूभगिनी आज घराबाहेर, कामाबाहेर किंवा तुरुंगात आहेत त्यांच्याजवळ राहा आणि आमचे हात त्यांच्यापर्यंत पोहोचव. आमच्या आईवडिलांवर, शेजाऱ्यांवर आणि आमचा द्वेष करणाऱ्यांवर कृपा कर. दुःखात आम्हांला रडू दे, पण तुझ्याजवळ रडू दे, आणि तुझ्यात जो आनंद आहे तो आमच्यापासून कोणीही काढून घेऊ नये. आमेन.